वरचा बोल्ट माझा, खालचा तुमचा

दर्शनाच्या मोटारसायकलला यापुढं शोरूमचा पाना लागणार नाही, असं कोंडीरामनं कर्जतच्या शोरूमच्या पायरीवर उभं राहून चारचौघांदेखत सांगितलं. सांगून झालं, पायऱ्या उतरला, आणि मग त्याच्या ध्यानात आलं की आपल्या घरात धड असा पाना एकही नाही. एक होता तो त्याची बायको येसूबाई नळाला वापरायची, आणि त्याचंही तोंड फाकलं होतं.

पण शब्द गेला तो गेला.

दर्शना त्याची थोरली लेक. माथेरानच्या एका हॉटेलात चादरी-टॉवेलांचं खातं तिच्याकडं. सकाळी कशेळ्याजवळच्या गावातून निघायचं, नेरळवरून घाट चढायचा, जिथं गाड्या थांबतात तिथं मोटारसायकल लावायची आणि पुढं लाल मातीतून पायी हॉटेल गाठायचं. संध्याकाळी सातला सुटायची. त्या वेळी कशेळ्याकडं जीप मिळत नाही, म्हणून ही मोटारसायकल.

मागच्या शनिवारी घाट उतरताना एका वळणावर तिनं पुढचा ब्रेक दाबला आणि चाकाशी टण्णदिशी आवाज झाला. ब्रेकचा जबडा, म्हणजे चाकाची चकती दोन्ही बाजूंनी धरतो तो भाग, सुटून चाकावर आपटायला लागला. मागच्या ब्रेकवर उभं राहून तिनं गाडी डोंगराच्या बाजूच्या गटारात घातली. दुसऱ्या बाजूला दरी होती. कोपर सोललं, बाकी निभावलं. गाडी टेंपोतून घरी आली. बघितलं तर जबडा धरणाऱ्या दोन बोल्टांपैकी खालचा आपल्या भोकातून निघून आला होता.

आठच दिवसांपूर्वी शोरूमनं ब्रेकला नवे पॅड घातले होते. त्यासाठी हेच दोन बोल्ट काढून पुन्हा बसवले होते.

"काका, आमच्याकडं सगळं मशीनवर आवळतात," मॅनेजर म्हणाला होता. "सैल राहणं शक्यच नाही. घरी कोणीतरी उघडलं असणार."

"घरी पानाच नाय तर उघडील कोण? दातानं?"

"ते तुमचं तुम्हाला माहीत."

"बरं, मशीनवर किती आवळता? आकडा सांगा."

"फुल टाइट."

"फुल हा आकडा हाय का?"

मॅनेजर हसला आणि दुसऱ्या गिऱ्हाइकाकडं वळला. त्यावर कोंडीराम पायरीवर जाऊन जे बोलायचं ते बोलला.

घोर मात्र दर्शनाचा होता. गाडी नाही म्हणून ती घरीच होती, आणि हॉटेलात कामं लावून देणाऱ्या स्वप्नीलचा रोज फोन यायला लागला. "ताई, वर स्टाफची एक खोली रिकामी आहे. राहा वरच. नाहीतर सोमवारपासून मला दुसरी बाई बघावी लागेल." वर राहायला तिची ना होती. सासर सोडलं त्या दिवशी तिनं ठरवलं होतं, आता दुसऱ्याच्या छपराखाली झोपायचं नाही. आणि काम तर सोडायचं नव्हतं. सोमवारपर्यंत मोटारसायकल घाटाला लागली पाहिजे, आणि घाटावर तिनं स्वतःहून तिच्यावर बसलं पाहिजे, एवढंच सगळं होतं.

"दुसऱ्या गॅरेजला टाकू," ती म्हणाली.

"तोबी फुल टाइटच करील," कोंडीराम म्हणाला. "मी करतो."

"तुमी?"

तिच्या त्या 'तुमी'त काय काय होतं ते कोंडीरामला बरोबर कळलं. एकतीस वर्षं तो खोपोलीच्या एका कारखान्यात हेल्पर होता. मोठ्या मशीनचे नट ज्यानं आवळायचे तो टॉर्क पाना तिथं सुपरवायझरच्या कपाटात, मखमलीच्या पेटीत असायचा. पान्याच्या दांड्यावर आकडे. हवा तो आकडा लावायचा आणि ओढायचं. तेवढा जोर पडला की पाना हातात 'टक्' करतो. टक् म्हणजे थांब. आयटीआय झालेले फिटर ओढायचे. कोंडीराम बत्ती धरायचा, आणि टक् झालं की नटावर पिवळ्या रंगाची रेघ मारायचा. हा नट झाला, अशी खूण. दुसऱ्यांनी आवळलेल्या हजारो नटांवर त्यानं रेघा मारल्या. एकदाच, नुसता पुढं करायला म्हणून त्यानं पाना उचलला, तेव्हा सुपरवायझर ओरडला होता, "कोंड्या, ठेव खाली! ज्याला आकडे वाचता येत नाहीत त्यानं हात लावायचा नाही."

तेव्हा येत नव्हते, हे खरं. साठी जवळ आल्यावर, विहारात संध्याकाळी वर्ग चालायचा तिथं पोराटोरांच्या शेजारी बसून तो अक्षरं शिकला. आकडे तर अक्षरांच्या आधी आले.

"आता येतात वाचता," तो दर्शनाला म्हणाला.

मोटारसायकलचं पुस्तक दर्शनानं मोबाइलवर शोधून काढलं. सगळं इंग्रजी. कोंडीरामनं ब्रेकच्या जबड्याचं चित्र धरलं आणि त्याच्यासमोरच्या ओळीवर बोट ठेवलं. सव्वीस. सव्वीस न्यूटन मीटर.

आधी मोटारसायकल खोपोलीला हर्षदच्या लेथवर नेली. खालच्या भोकातले आटे पार गेले होते. हर्षदनं भोक मोठं करून आत पोलादी तारेच्या गुंडाळीचे नवे आटे बसवले, आणि मान हलवली. "सैल सोडला असणार त्यांनी. हालून हालून आटे खाल्ले. हा मी केलाय काका, पण जरा लाडानं घ्या." जुना बोल्ट कोंडीरामनं न पुसता कागदात गुंडाळून खिशात टाकला.

तिथूनच तो पदूच्या हार्डवेअरच्या दुकानात गेला. पदूनं काउंटरवर हातभर लांब पाना ठेवला.

"हा घ्या. चार सुताचा, अर्ध्या इंची. ट्रकचं चाकबी आवळाल."

"माझ्याकडं ट्रक नाय."

"मोठा घेतलेला कधी वाया जात नाय काका."

कोंडीरामनं चष्मा लावून दांडा फिरवला. "ह्याचा आकडा अठ्ठावीसला सुरू होतो. मला सव्वीस पायजे. जिथं ह्याची सुरुवात तिथं माझं काम संपलं." त्यानं तीन सुताचा लहान पाना मागितला. तो दहापासून साठपर्यंत होता. सव्वीस त्याच्या पोटात येत होते. कारखान्यातले फिटर म्हणायचे, पान्याचे पहिले आणि शेवटचे आकडे खोटं बोलतात, मधले खरे.

"आता दहा किलोचं वजन दे. आणि सुतळी."

"पाना घेताय का तांदूळ?"

"दे तर."

कोंडीरामनं पान्याचं चौकोनी टोक दुकानाच्या व्हाइसमध्ये धरलं, दांडा आडवा ठेवला, टोकापासून वीतभर आणि चार बोटं मोजून, पट्टीनं पंचवीस सेंटिमीटरवर खूण करून तिथं सुतळीनं वजन टांगलं. पाव मीटरवर दहा किलो म्हणजे साडेचोवीस न्यूटन मीटरचा जोर. चोवीसवर लावलं, अलगद सोडलं, टक्. अठ्ठावीसवर लावलं, सोडलं, पाना गप्प. दुकानातली दोन-चार गिऱ्हाइकं बघत उभी राहिली.

"खरं बोलतोय," कोंडीराम म्हणाला. "बांध."

"एवढी पारख तर मी बायको करताना नाय केली," पदू म्हणाला.

"म्हणून तर दिवसभर दुकानात बसतोस."

गुरुवार उजाडला. दुपारी अंगणात गोणपाट अंथरून कोंडीराम बसला. येसूबाई शेजारी सुपात तांदूळ पाखडत होती, पण तिचे डोळे तांदळावर नव्हते. कोंडीरामनं बोल्ट स्वच्छ पुसले. खालचा, नवा आणलेला, आधी हातानं फिरवला, मग पान्याला गोटी, म्हणजे बोल्टाच्या डोक्यावर बसणारी टोपी, लावली, पान्यावर सव्वीस आणले आणि सावकाश, एका दमात ओढला. टक्.

साठीच्या पुढच्या माणसाच्या अंगावर काटा यावा असं त्या आवाजात काही नव्हतं. पण आला.

"झाला?" दर्शनानं विचारलं.

"झाला."

मग वरचा. हाही हातानं घेतला, गोटी लावली, ओढला. टक्. आणि टक् ऐकून झाल्यावर कोंडीरामच्या हातानं, त्याला न विचारता, आणखी एक ओढ दिली.

बोल्ट आधी घट्ट लागला. मग एकदम लोण्यासारखा मऊ झाला. पाना फिरत गेला आणि कुठं अडेनाच.

सूप थांबलं.

"घातलीत मूठ," येसूबाई म्हणाली.

"कसली मूठ?"

"वरची! पायली भरून झाली की वर मूठ टाकता नव्हं? तीच. तो पाना म्हणला बास, आन् तुमी म्हणलात घे अजून."

ते खरं होतं. त्याचा बाप दुसऱ्याच्या शेतावर राबायचा. मजुरीचं भात मोजताना मालक पायलीवरून काठी फिरवायचा, सपाट, एक दाणा वर राहू द्यायचा नाही. बापानं तेव्हा शपथ घेतली होती, आपल्या हातून कुणाला माप जाईल ते मूठभर जास्तीच जाईल. ती मूठ घराण्याच्या हातात बसली होती. पाहुण्याला वाढताना, भात मोजताना, आणि आता बोल्ट आवळतानाही. लेकीच्या जिवाचा बोल्ट, त्याला सपाट माप कसं द्यायचं?

दर्शना उठून घरात गेली. तेच कोंडीरामला जास्त लागलं.

त्यानं बोल्ट उपसून काढला. बोल्टाच्या आट्यांत अल्युमिनिअमची चंदेरी तार गुंडाळून आली होती, अख्खी, न तुटता, भोवऱ्याला जाळी गुंडाळावी तशी. त्यानं ती बोटानं चाचपली. मग खिशातला कागद काढला आणि शनिवारचा खालचा बोल्ट त्याच्याशेजारी ठेवला.

त्याच्यावरही तशीच अख्खी तार होती.

"दर्शे!" त्यानं हाक मारली. "ये गं भायेर. हे बघ."

ती आली.

"सैल बोल्ट हालून हालून आटे खातो, तर भुकटी पडंल. पीठ. ही भुकटी हाय का? ही तार हाय. ही मुळासकट उपटल्याबिगर निघत नाय. त्यांनी सैल सोडला नव्हता. त्यांनी माझ्यासारखाच जादा ओढला. आटे तिथंच मेले होते, बोल्ट नुसता अडकून बसला होता. आठ दिवसांत निघून आला."

दर्शनानं दोन्ही बोल्ट हातात घेऊन उन्हात फिरवले. "मग वरचाबी त्यांनीच कमजोर केला असंल, बाबा. त्यांनी तोबी तसाच आवळलेला. तुमचा दोष नाय."

"असंल कमजोर. पण टक् मी ऐकला होता."

शुक्रवारी बापलेक एसटीनं कर्जतला गेले. शोरूममध्ये कोंडीरामनं मॅनेजरच्या काचेच्या टेबलावर दोन्ही बोल्ट ठेवले आणि काय झालं ते सुरुवातीपासून सांगितलं, काही गाळलं नाही.

मॅनेजर पुढं सरकला. "म्हणजे तुम्ही घरी उघडलं. कबूल?"

"कबूल. गुरुवारी उघडलं. वरचा बोल्ट माझा. खालचा तुमचा."

"असं अर्धं-अर्धं नसतं काका."

"का नसतं? भोकं दोन हायेत."

मॅनेजरनं थोडा विचार केला, आणि त्याचा सूर मऊ झाला. "हे बघा, वाद नको. आम्ही माणुसकी म्हणून पुढचा आख्खा पाय, म्हणजे चाक आणि जबडा धरणारा दांडा, नवीन बसवून देतो. फुकट. रविवारी गाडी तयार. फक्त ताईंची एक सही लागेल." त्यानं एक कागद छापून पुढं सरकवला.

कोंडीराम लेकीकडं बघायला लागला. गाडी तिच्या नावावर होती. रविवारी गाडी तयार म्हणजे सोमवारचा प्रश्न सुटला. सही कर म्हणाली असती तर त्यानं तिला अडवलं नसतं. त्यानंच वरचे आटे उपटले होते. आता कुठल्या तोंडानं अडवायचं?

दर्शनानं कागद मोठ्यानं वाचला. "'सदर वाहन मालकाने घरी उघडल्यामुळे नुकसान झाले असून सर्व्हिस सेंटरची जबाबदारी नाही.'" तिनं वर बघितलं. "ह्यात गुरुवार हाय. शनिवार कुठं हाय?"

"कसला शनिवार?"

"ज्या दिवशी मी गटारात गेले तो. शनिवार लिहा. मंग करते सही."

"ताई, तो फॉरमॅट असतो..."

"मंग फॉरमॅटवर तुमीच सही करा."

मागं जमिनीवर, गिऱ्हाइकानं ओलांडू नये म्हणून, पिवळी रेघ होती आणि तिच्यापलीकडं गाड्यांची कामं चालली होती. तिथून मनोज नावाचा मेकॅनिक हात पुसत रेघेपाशी आला. पॅड त्यानंच घातले होते.

"काका," तो हळूच म्हणाला, "हवेच्या बंदुकीनंच बोल्ट आवळतो आमी. दिवसाला वीस गाड्या. टॉर्क पाना हाय, तो बघा भिंतीवर." भिंतीवर खरोखरच एक पाना लटकत होता, प्लास्टिकच्या पिशवीसकट. "कंपनीचा साहेब तपासायला येतो तेव्हा पिशवी काढतो. आकडा आजवर कुठल्या गिऱ्हाइकानं मागितला नाय."

"मनोज, कामाला लाग!" मॅनेजर ओरडला.

"मी मागितला," कोंडीराम म्हणाला. "सव्वीस. लिहून ठेव." आणि मॅनेजरकडं वळला. "माझी चूक मी चारचौघांत सांगून गेलो. तुमची तुमी पिशवीत घालून भिंतीला टांगा."

बोल्ट उचलून ते बाहेर पडले. एसटीत बसल्यावर कोंडीराम हिशेब करायला लागला. फुकटचा नवा पाय गेला, हातात फक्त दोन दिवस, आणि ज्याच्या हातावर भरवसा ठेवायचा तो हात कालच मुठीसकट उघडा पडलेला.

"चुकलो का गं?" त्यानं विचारलं.

"माझी सही होती," दर्शना म्हणाली. "मी नाय केली. तुमी कशाला चुकाल?"

शनिवारी हर्षदनं वरच्या भोकालाही पोलादी आटे बसवले. नवे बोल्ट आणले. कोंडीरामनं अंगणात पुन्हा गोणपाट टाकलं आणि पाना काढला, तेव्हा दर्शना समोर येऊन बसली.

"द्या इकडं."

"अगं, मी..."

"बसणार मी, तर आवळणार मी. तुमी आकडा बघा."

कोंडीरामनं पाना तिच्या हातात दिला. एकतीस वर्षं हाताला न लागलेली वस्तू दोन दिवसांत लेकीला द्यावी लागली. त्याला वाईट वाटायला हवं होतं, ते काही वाटलं नाही. "मुठीला धर, मधे धरू नको," एवढंच तो म्हणाला. "झटका नाय. पाणी ओढतेस तसं ओढ."

खालचा, टक्. तिनं हात काढला. वरचा, टक्. कोंडीरामनं दोन्ही हात पाठीमागं घट्ट धरले होते.

"सोडा आता हात," येसूबाई म्हणाली. "बोटं पांढरी पडली."

काम झाल्यावर कोंडीरामनं पान्याचा आकडा फिरवून खाली दहावर आणला. आतली स्प्रिंग ताणून ठेवली तर पाना आळशी होतो आणि खोटं बोलायला लागतो, हे त्यानं फिटरांच्या मागं उभं राहून ऐकलं होतं. मग पाना पेटीत गेला.

रविवारी सकाळी घाटावर जाऊन बघायचं ठरलं. कोंडीराम मागं बसायला निघाला तशी येसूबाईनं त्याची बाही धरली. "तिला एकटीला जाऊ द्या. वजन कशाला वाढवताय?"

"वाढू दे. आवळताना मी शेजारी बसलेलो, आता मागं बसतो."

नेरळपासून चढ लागला. टॅक्स्या भोंगे वाजवत वर चालल्या होत्या. वर पोचल्यावर दर्शना थांबलीच नाही. तिथंच वळवून तिनं उतार धरला. कोंडीरामनं मागची कडी पकडली. एक वळण गेलं, दुसरं गेलं. शनिवारचं वळण आलं. गटाराच्या कडेला मोटारसायकलनं खरवडलेली जागा अजून दिसत होती. तिथं दर्शनानं गाडीचा वेग कमी करायच्या ऐवजी वाढवला.

"अगं ए!"

आणि तिनं पुढचा ब्रेक दाबला. अर्धवट नाही, पुरता. गाडी पुढच्या चाकावर वाकली, कोंडीरामचं नाक तिच्या हेल्मेटवर आपटलं, आणि मोटारसायकल रस्त्यावर जागच्या जागी उभी राहिली. आवाज कसलाच झाला नाही. मागच्या टॅक्सीवाल्यानं मात्र आईबापाचा उद्धार केला.

"उतरा आता," दर्शना म्हणाली. "बघा."

गाडी कडेला घेतली. कोंडीरामनं पिशवीतून पेटी काढली, सव्वीस लावले आणि दोन्ही बोल्टांवर एकेकदा पाना टेकवून ओढला. दोन्ही वेळा बोल्ट केसभरही न हलता पाना बोलला. त्यानं नाक चोळलं. नाकातून थोडं रक्त येत होतं, ते त्यानं बाहीला पुसलं.

"हाय?" तिनं विचारलं.

"जिथल्या तिथं हाय."

तिचा फोन वाजला. स्वप्नील होता. दर्शनानं फोन स्पीकरवर टाकून टाकीवर ठेवला आणि हातमोजे काढले.

"ताई, खोली झाडून ठेवलीय. चावी काउंटरला आहे. उद्या सामान घेऊनच या."

"चावी दुसऱ्या कोणाला द्या. मी उद्या नऊला येते आणि सातला निघते."

"सातला? जाणार कशानं? शोरूमवाल्यानं गाडी केली का?"

"नाय. मी केली."

पलीकडं स्वप्नील हसला. "ताई, हा घाट आहे. मस्करी नको. उद्या काही झालं तर..."

"मी आत्ता त्याच वळणावर उभी हाय, स्वप्नीलभाऊ. माझा बाप मागं बसलेला, त्याचं नाक फुटलंय, एवढा चांगला ब्रेक लागतोय. मी घरी जाणार. रोज जाणार. बाई बघायची तर बघा, पण मी नऊला हजर असणार, आणि मला परत पाठवायचं तर माझ्या तोंडावर सांगावं लागंल."

"या नऊला," स्वप्नील म्हणाला. "चादरींची मोजदाद राहिलीय."

दर्शनानं फोन खिशात टाकला, मोजे चढवले आणि किक मारली.

"बसा बाबा," ती म्हणाली. "आणि नाक जरा लांब ठेवा."